टॅग काचेवर, पैसे बँकेत, मेसेज भाच्याला

वाचकांचे प्रश्न : या वेळी फास्टॅग

मागच्या अंकात सातबाऱ्यावरच्या नावाच्या दुरुस्तीबद्दल लिहिलं होतं. पत्रं आली ती मात्र टोलनाक्याची. आमचं सेवा केंद्र नागपूर–हैदराबाद महामार्गाला लागून, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या शिवेवरच्या एका गावात आहे. उत्तरेला गेलं की दारोड्याचा नाका, दक्षिणेला केळापूरचा. तणतणत आलेला गाडीवाला आधी आमच्याच काउंटरसमोर गाडी लावतो, कारण बँक तालुक्याला, आणि ग्राहकसेवेचा फोन ‘एक दाबा, दोन दाबा’च्या पुढे जात नाही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रांची भाषा जमेल तिथे तशीच ठेवली आहे.

ताई, माझ्या पिकअपच्या टॅगमध्ये सहाशे रुपये होते. मोबाइलवर दिसत होते. नाक्यावरचा पोरगा म्हणे, ‘टॅग ब्लॅकलिस्ट आहे.’ मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी रोख दुप्पट देऊन निघालो. पैसे असून टॅग ब्लॅकलिस्ट काऊन होते?
— पिकअपवाले, समुद्रपूर तालुका

भाऊ, टॅगमध्ये पैसे नसतातच. काचेवरच्या त्या पट्टीत एक बारीक चिप आणि पापुद्र्यासारखी अँटेना असते. बॅटरीही नसते. लेनच्या वर लावलेलं रीडर रेडिओलहरी सोडतं, त्या लहरींच्या जोरावर चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. तिचं काम तिथं संपलं. तो नंबर नाक्याच्या बँकेकडे जातो, तिथून एनपीसीआयच्या यंत्रणेत. यूपीआय चालवणारी संस्था ती हीच. आणि तिथून, ज्या बँकेनं तुम्हाला टॅग दिला तिच्याकडे. तुमचे सहाशे रुपये या शेवटच्या बँकेत, टॅगच्या प्रीपेड खात्यात पडलेले असतात.

आता अडतं कुठं ते पाहा. गाडी सोडण्याआधी नाक्याची यंत्रणा विचारते ते एवढंच, की हा टॅग चालू आहे की बंद यादीत आहे. शिल्लक किती हे त्या खिडकीतल्या पोराला दिसत नाही. त्यामुळे मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरून ‘हे पाहा, सहाशे आहेत’ म्हणण्यात दोघांचाही वेळ जातो. त्याच्या पडद्यावर फक्त ‘बंद’ आलेलं असतं. बंद का, ते तुमच्या बँकेला माहीत.

कारणं बरीच असतात. शिल्लक संपणं हे सर्वांना माहीत असलेलं एक. दुसरं, केवायसी अर्धवट. तिसरं, एका गाडीवर दोन टॅग. आपल्याकडे पुष्कळांनी एक शोरूमचा आणि एक बँकेच्या शिबिरातला असे दोन घेऊन ठेवले होते. २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं ‘एक वाहन, एक फास्टॅग’ लागू केल्यावर जुने टॅग आणि केवायसी नसलेले टॅग बंद होत गेले. चौथं, नवी गाडी घेताना नंबर आलेला नसतो म्हणून टॅग चेसिस नंबरावर निघतो. पुढे आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात येते, पण गाडीचा नंबर टॅगच्या खात्यात चढवायचा राहून जातो. पाचवं कारण थोडं आपल्या स्वभावाचं आहे. टॅग काचेला न चिकटवता डॅशबोर्डवर ठेवायचा आणि नाक्यावर हातात धरून दाखवायचा. कारण विचारलं तर, ‘काच खराब होते’. जुलै २०२५ पासून असे सुटे टॅगही काळ्या यादीत टाकायचं धोरण आहे.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे ती मला जास्त महत्त्वाची वाटली: ‘टॅग भाच्यानं काढून दिला होता.’ तो कोणत्या मोबाइल नंबरावर काढला?

हे मी सहज विचारत नाही. अडलेला टॅग घेऊन माणूस आला की मी आधी केवायसी पाहत नाही, नोंदलेला मोबाइल पाहते. आणि तिथं नेहमी दुसराच कुणी निघतो. मामाकडे बटणांचा फोन होता म्हणून भाच्यानं स्वतःच्या अ‍ॅपमधून टॅग मागवला. किंवा गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी हार-नारळाची घाई, तेव्हा शोरूममधल्या पोरानं स्वतःचाच नंबर टाकून ओटीपी मिळवला. आता मामा गाडी चालवतात समुद्रपुरात आणि बँकेचे मेसेज जातात पुण्याजवळ हिंजवडीत, भाच्याकडे. ‘आपली केवायसी प्रलंबित आहे’, ‘अमुक तारखेनंतर टॅग बंद होईल’, ‘शिल्लक कमी’, सगळं भाच्याला. त्याला वाटतं ही जाहिरातबाजी, तो पुसून टाकतो. मामाला कळतं ते थेट नाक्यावर, रात्री, मागं ट्रक उभा असताना. दुसऱ्याच्या फोनवरून रिचार्ज मात्र होत राहतं, कारण त्याला गाडीचा नंबर लागतो, नोंदलेला मोबाइल लागत नाही. म्हणून वर्षानुवर्षं कुणाला शंकाही येत नाही.

तर आज एवढं करा. भाच्याला फोन लावा, टॅग कोणत्या बँकेचा आहे आणि नंबर कोणाचा आहे ते विचारा. मग आरसी, आधार, पॅन आणि गाडीचा समोरून टॅग दिसेल असा फोटो घेऊन बँकेत किंवा जवळच्या सेवा केंद्रात जा. मोबाइल नंबर स्वतःचा करून घ्या, आणि केवायसी त्यानंतरच करा. उलट क्रमानं गेलात तर प्रत्येक ओटीपीसाठी हिंजवडीला फोन लावावा लागेल. टॅग कोणत्या बँकेचा तेच ठाऊक नसेल, तर महामार्गाची मदत लाइन १०३३ आहे. तिथून सुरुवात करता येते.

तुम्ही दुप्पट भरलेत त्याबद्दल. राष्ट्रीय महामार्गांवर १५ नोव्हेंबर २०२५ पासून नियम बदलला आहे. टॅग नाही किंवा चालत नाही, आणि रोख दिले तर दुप्पट, असं तेव्हा ठरलं. पण यूपीआयनं दिले तर सव्वापट. म्हणजे टोल १०० असेल तर रोख २००, यूपीआयनं १२५. खिडकीतून हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. कोड स्कॅन करून देतो म्हणायचं. याची उलट बाजूही लक्षात ठेवा. तुमचा टॅग चालू आहे, शिल्लक पुरेशी आहे आणि नाक्याचंच यंत्र बिघडलंय, तर टोल न घेता गाडी सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम आहे. ‘मशीन बंद आहे, रोख द्या’ हे चालत नाही.

आणि पिकअप आहे म्हणून एक जादा गोष्ट. राष्ट्रीय महामार्गाच्या दरपत्रकात कार, जीप, व्हॅन आणि हलकं वाहन असा एकच गट आहे, आणि हलकं वाहन म्हणजे भारासकट एकूण वजन ७,५०० किलोपर्यंतचं. छोटा हत्ती आणि आपल्याकडच्या बहुतेक पिकअप त्यातच बसतात. आरसीवर वजन लिहिलेलं असतं. तुमचा टॅग भलत्या वर्गाचा निघाला असेल, तर प्रत्येक खेपेला जास्त कापले जात असतील. जुने मेसेज भाच्याकडून मागवून दरफलकाशी ताडून पाहा.

रांगेत उभं राहून रिचार्ज केलं तर चालतं का? कोणी म्हणतं लगेच चालतं, कोणी म्हणतं एक तास लागतो.
— टॅक्सीचालक, वणी

दोघंही पूर्ण खोटं बोलत नाहीत. एनपीसीआयनं १७ फेब्रुवारी २०२५ पासून एक नियम लावला. टॅग वाचला त्याच्या आधी ६० मिनिटांहून जास्त वेळ तो बंद यादीत असेल आणि वाचल्यानंतर १० मिनिटांपर्यंतही तसाच असेल, तर तो व्यवहार नाकारायचा. बातमी पसरली ती ‘एक तास आधी रिचार्ज नाही तर दुप्पट’ अशी. मग महामार्ग प्राधिकरणानं खुलासा केला, की राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांना टॅगची स्थिती त्याच वेळी कळते, त्यामुळे नाका ओलांडण्याआधी कधीही रिचार्ज केलं तरी चालेल. काही राज्य महामार्गांवरचे नाके जुन्या पद्धतीवर असल्यानं तिथं यादी थांबून थांबून ताजी होते, हेही त्याच खुलाशात होतं.

म्हणून माझा सल्ला: रांगेतल्या रिचार्जच्या भरवशावर राहू नका. त्यातही तुमच्या बाजूच्या रस्त्यावर रेंज कुठं जाते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. टॅक्सी रोज फिरते, तर ऑटो रिचार्ज लावून टाका. शिल्लक ठरवलेल्या आकड्याखाली गेली की खात्यातून आपोआप भरते. रिझर्व्ह बँकेनं २०२४ मध्ये फास्टॅगसाठी ही सोय अधिक सोपी केली. दर वेळी पैसे कापण्याच्या एक दिवस आधी सूचना द्यायची अट यासाठी काढून टाकली.

मी शिक्षिका आहे, वर्ध्याला राहते. सासर सिंदखेडराजाकडे. ₹३००० चा वार्षिक पास काढला, तरी समृद्धीवर पैसे कापले गेले. पास काढताना असं काही सांगितलं नव्हतं. तक्रार कुठे करू?
— एक शिक्षिका, वर्धा

बाई, तक्रार करून उपयोग नाही, पैसे बरोबर कापले गेले आहेत. आणि वाईट वाटून घेऊ नका. हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हापासून हा गोंधळ मी पाहते आहे. वार्षिक पास चालतो तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच्या नाक्यांवर. समृद्धी हा राज्याचा रस्ता, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाचा. तिथं टॅगच्या नेहमीच्या शिल्लकीतूनच पैसे जाणार. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचंही तसंच.

दोन्ही रस्त्यांची मोजायची रीतही वेगळी आहे. हैदराबाद रोडवर किंवा अमरावती रोडवर नाका ओलांडला की ठरलेली रक्कम, मग तुम्ही पुढं दहा किलोमीटर जा की पन्नास. समृद्धीवर तुम्ही येळाकेळीला चढलात की टॅगची नोंद होते आणि सिंदखेडराजाला उतरताना दोन्हींमधल्या अंतराचा हिशेब होतो. कारला किलोमीटरमागे ₹१.७३ होते ते १ एप्रिल २०२५ पासून ₹२.०६ झाले, आणि हा दर ३१ मार्च २०२८ पर्यंतचा आहे. पूर्ण ७०१ किलोमीटर, म्हणजे नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, कारला ₹१,४४५ पडतात. चढतानाच खात्यात पुरेसे पैसे असू द्या, उतरताना इंटरचेंजवर खोळंबा नको. तुमच्या यजमानांचा इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार आहे असं लिहिलंय. ऑगस्ट २०२५ पासून राज्यानं समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ केला आहे. फक्त आरसीवर इंधन ‘इलेक्ट्रिक’ असल्याचं टॅगच्या नोंदीशी जुळलं पाहिजे.

मग तुमचा पास वाया गेला का? ते तुम्ही कुठं जास्त फिरता यावर आहे. सुरुवातीच्या ₹३००० च्या दरानं, २०० वेळा नाका ओलांडायची मुभा किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. म्हणजे एका वेळेचे पंधरा रुपये पडले. नागपूर, यवतमाळ, अमरावती असं महिन्यातून चार-पाचदा जाणं असेल तर पास नक्की परवडतो. जाणं आणि येणं या दोन फेऱ्या धरतात. पास फक्त खासगी कार-जीप-व्हॅनला मिळतो, पिवळ्या पाटीच्या व्यावसायिक गाडीला नाही. गाडी विकली तर पास नव्या गाडीवर जात नाही, पैसेही परत नाहीत. तो राजमार्गयात्रा अ‍ॅपवर किंवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर, आधीच्या टॅगवरच चालू होतो. नव्यानं काढणाऱ्यांनी अ‍ॅपवर त्या दिवशी दिसेल तोच दर धरावा. दुसऱ्या कोणत्या लिंकवर ‘सवलतीत वार्षिक पास’ दिसला तर तिकडे फिरकू नका.

ट्रॅक्टर-ट्रॉलीत कापूस जिनिंगला नेतो. यंदापासून ट्रॅक्टरलाही टॅग लागतो असं गावात म्हणतात.
— शेतकरी, राळेगाव तालुका

नाही लागत. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, कापणीचं हार्वेस्टर आणि बैलगाडी यांना टोलच नाही. बाजूनं सर्व्हिस रोड असेल तर मात्र तुम्हाला त्यावरून जायला सांगू शकतात, आणि भरल्या ट्रॉलीसाठी ते बरंच. समृद्धीवर ट्रॅक्टरला प्रवेशच नाही. गावात कुणी दोनशे रुपये घेऊन ‘ट्रॅक्टर टॅग’ देत असेल तर त्याचं नाव आम्हालाही कळवा.

बोलेरो विकून वर्ष झालं. टोल कापल्याचे मेसेज अजून मला येतात, पैसे माझेच जातात. घेणारा फोन उचलत नाही.
— निवृत्त कर्मचारी, दर्यापूर

काका, आज दुपारच्या आत टॅग बंद करा. ज्या बँकेचा आहे तिच्या अ‍ॅपमधून किंवा शाखेतून ‘टॅग बंद करणे’ हा पर्याय असतो. गाडी विकल्याचा कागद जोडा. खात्यातली शिल्लक आणि टॅग घेताना ठेवलेली अनामत परत मागा, ती तुमची आहे. ऑटो रिचार्ज लावलं असेल तर ते आधी काढा, नाहीतर इकडून अर्ज आणि तिकडून रिचार्ज असं दोन्ही चालत राहील.

आता थोडं रागानं लिहिते. तुमच्या पत्रात नमुना २९ आणि ३० वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या आरटीओच्या अर्जांवर, सही करून दिल्याचं आहे, पण आरटीओत नाव बदललं का ते तुम्हाला ठाऊक नाही. अंगणात चहा पिऊन, इसार घेऊन, चावी देऊन व्यवहार पूर्ण होतो अशी आपल्याकडची रीत आहे. टॅगचे शंभर-दोनशे रुपये हा यातला लहान भाग. त्या गाडीनं कुणाला उडवलं तर पोलीस आधी आरसीवरच्या नावाच्या दारात येतात. टोलचे मेसेज म्हणजे एक प्रकारे तुमच्यावर उपकारच झाला, गाडी कुठं कुठं फिरते ते तारखेनिशी तुमच्या हातात आहे. ते मेसेज पुसू नका. त्यांच्या आधारे आरटीओत जाऊन गाडी अजून कुणाच्या नावावर आहे ते तपासा.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी: आधीच्या मालकाचा टॅग चालू असेल तर त्या गाडीवर तुमचा नवा काढताना अडचण येऊ शकते. पैसे मोजण्याआधी त्याला टॅग बंद करायला लावा, आणि काचेवरचा खरवडून काढा. हा टॅग सोलला की फाटतो, तो तसाच बनवलेला आहे. त्यामुळे ‘जपून काढून दुसऱ्या गाडीला लावतो’ हा उद्योगही जमत नाही.

गाडी अंगणात उभी होती, शेणाचे शिंतोडेसुद्धा तसेच होते, आणि मेसेज आला की दूरच्या एका नाक्यावर टोल कापला. हे कसं? गाडी पुसायच्या बहाण्यानं पोरं घड्याळानं टॅग स्कॅन करून पैसे काढतात म्हणे, तसं काही झालं का?
— डेअरीचालक, चिमूर तालुका

घड्याळाची गोष्ट डोक्यातून काढा. जून २०२२ मध्ये एक व्हिडिओ फिरला होता, त्यात एक मुलगा काच पुसता पुसता मनगटावरच्या घड्याळानं टॅग वाचतो असं दाखवलं होतं. एनपीसीआयनं तेव्हाच सांगितलं की असं होऊ शकत नाही. टॅगमधून पैसे फक्त नोंदणी झालेल्या नाक्याला किंवा पार्किंगसारख्या नोंदलेल्या व्यावसायिकालाच जातात. एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे पैसे पाठवायची सोयच त्यात नाही.

तुमच्या बाबतीत घडलं असेल ते साधं आहे. एखाद्या नाक्यावर कुणाचा तरी टॅग वाचला गेला नाही, कर्मचाऱ्यानं हातानं नंबर टाकला आणि एक आकडा चुकला. एमएच ३४ च्या पुढचं एक अक्षर इकडचं तिकडं झालं की चिमूरची गाडी सोलापूरला पोचते. हा प्रकार इतका वाढला की प्राधिकरणानं अशा खोट्या वजावटीसाठी टोल वसूल करणाऱ्या ठेकेदार कंपन्यांना प्रत्येक प्रकरणी एक लाख रुपये दंड लावायला सुरुवात केली.

करायचं काय? १०३३ ला फोन करून तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. तुमच्या बँकेतही वेगळी तक्रार द्या, कारण पैसे परत यायचे ते तिच्यामार्फत. मेसेजमधली वेळ पाहा आणि त्याच वेळेचा काही पुरावा असेल तर जोडा. तुमच्या डेअरीत दूध संकलनाच्या मशीनची तारीख-वेळ असलेली पावती निघते, पाठीमागे कॅमेरा आहे असंही लिहिलंय. गाडी त्यात दिसत असेल तर यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

खरी लूट होते ती वेगळ्या वाटेनं. ‘तुमचा फास्टॅग आज रात्री बंद होणार, या लिंकवर केवायसी करा’ असा मेसेज. तो खरा वाटतो, कारण बँकही असेच मेसेज पाठवते. लिंक दाबायची नाही. बँकेचं अ‍ॅप आपण स्वतः उघडायचं आणि केवायसी बाकी आहे का ते तिथंच पाहायचं.

आमचं गाव नाक्यापासून आठ किलोमीटर. दवाखाना, बाजार, पोरांची शाळा सगळं नाक्याच्या पलीकडे. आधार कार्ड दाखवलं तर आधी सोडायचे, आता टॅगमधून कापतात. स्थानिकांना माफी नाही का?
— गावकरी, हिंगणघाट तालुका

हा वाद माझ्या दारातलाच आहे. ‘आमी इथलेच आहो, वळखत नाही का?’ हे वाक्य आमच्या पट्ट्यात टोलच्या दरफलकापेक्षा जुनं आहे. पूर्वी खिडकीतला पोरगाही जवळच्याच गावचा असायचा, तो वळखायचा. रीडरला मामा-काका नसतात.

सरसकट माफी नियमात नाही. आहे ती सवलत. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाडीला महिन्याचा पास मिळतो, त्या एका नाक्यापुरता, कितीही फेऱ्यांसाठी. २०२५-२६ साठी तो ₹३५० होता. दर १ एप्रिलला आकडा बदलतो. पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन नाक्याच्या कार्यालयात जायचं, पास टॅगवरच चढतो. रोज पलीकडे जाणाऱ्यानं वर सांगितलेल्या वार्षिक पासाच्या मोहात पडू नये: दिवसाला जाऊन-येऊन दोन, म्हणजे २०० फेऱ्या शंभर दिवसांत संपतात. स्थानिक पास वर्षाला चार-सव्वाचार हजारांचा होतो, पण फेऱ्या मोजाव्या लागत नाहीत. महिना संपला की तो पुन्हा घ्यावा लागतो, ही त्याची कटकट. आमच्याकडे बरेच जण महिन्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पैसे कापले गेल्यावरच जागे होतात.

व्यावसायिक गाडीला हा पास नाही, पण तीच गाडी नाक्याच्याच जिल्ह्यात नोंदलेली असेल आणि नॅशनल परमिटवर नसेल, तर दर निम्मा. नाक्याआधी जो मोठा फलक असतो त्यावर हे रकाने छापलेले असतात: एक फेरी, परतीसह, महिन्याचा पास, जिल्ह्यातली व्यावसायिक गाडी. जाता जाता वाचता येत नाही हे खरं. एकदा गाडी बाजूला घेऊन फोटो काढून ठेवा.

नागपूरला मेडिकलमध्ये पेशंट नेला, दुसऱ्या दिवशी परत आलो. जाताना जितके कापले त्यापेक्षा येताना कमी कापले. चूक झाली का? पुढे वसूल करतील का?
— रुग्णवाहिका नसलेल्या गावातले एक गाडीमालक, मारेगाव तालुका

चूक नाही. २४ तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात तर दोन्ही मिळून एका फेरीच्या दीडपट एवढाच टोल असतो, म्हणून येताना निम्मा कापला. टॅग असेल तर हे आपोआप होतं, मागावं लागत नाही, आणि २०२० पासून ही सवलत टॅगवरच मिळते. पेशंटला सुट्टी मिळायला उशीर झाला आणि २४ तास उलटले, तर पूर्ण टोल लागतो. त्यात कुणाचं काही चालत नाही. पेशंट आता बरा असेल अशी आशा करते.

पुढच्या ट्रकच्या चाकातून गिट्टी उडाली, समोरची काच तडकली. विम्यात नवी काच बसवली. टॅग जुन्या काचेबरोबर गेला. आता नवा घ्यायचा की काय? खात्यात अकराशे रुपये आहेत.
— संत्रा व्यापारी, वरूड

नवं खातं उघडू नका. त्याच बँकेकडून ‘बदली टॅग’ मागवा. जुना बंद होतो, नवा त्याच खात्याला जोडला जातो, अकराशे रुपये जागेवर राहतात. बँक बदली टॅगचे थोडे पैसे घेते. तो येईपर्यंत नागपूरच्या कळमना बाजारात माल न्यायचा असेल तर नाक्यावर यूपीआयनं सव्वापट भरा, आणि दुसऱ्या बँकेचा टॅग तात्पुरता काढायच्या भानगडीत पडू नका. एका गाडीवर दोन झाले की पहिला बंद होतो, आणि मग त्यातले अकराशे काढायला वेगळे अर्ज.

नवा चिकटवताना आतून, काचेच्या वरच्या भागात मधोमध, आरशाच्या मागे लावा. काच आधी कोरड्या फडक्यानं पुसा. आपल्याकडच्या उन्हात डिंक लवकर सैल होतो आणि धुळीवर चिकटवलेला टॅग मे महिन्यात गळून पडतो. देवाचं स्टिकर, आमदारांचा फोटो आणि लिंबू-मिरची त्याच्यापासून जरा बाजूला असू द्या. धातूची चमकी असलेलं स्टिकर टॅगच्या अगदी जवळ असेल तर रीडरला तो नीट वाचता येत नाही. वरूडच्या बाजूच्या गाड्यांच्या काचा मी पाहिल्या आहेत, म्हणून लिहिलं.